आज्जीची हाक ऐकू येणारा संगणक

मन्नाएखेळ्ळी हे नाव आमच्या गोव्यात फार थोड्यांनी ऐकलं असेल. सोलापूर, उमरगा, हुमनाबाद करत हैदराबादला निघालात की हुमनाबाद मागे पडल्यावर हे गाव हमरस्त्यावरच लागतं. जिल्हा बिदर. एकाच चहाच्या टपरीवर कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि थोडी तेलुगूसुद्धा ऐकू येते, आणि चहावाल्याला चारही येतात. माझी मावसबहीण तिथे दिलेली आहे, म्हणून माझं वर्षा-दोन वर्षांनी जाणं होतं. आपल्याकडून जायचं म्हणजे बेळगाव, विजापूर, कलबुर्गी असा लांबचा पल्ला. पण बिदरच्या पठारावर पोचलं की जांभ्या दगडाची तीच लाल माती दिसते, जी आपल्या चिऱ्यांच्या खाणीत दिसते, आणि उगाच घरी आल्यासारखं वाटतं. फरक इतकाच, की आपली माती वर्षातले चार महिने भिजलेली असते आणि तिथली बराच काळ हवेत उडत असते. त्या धुळीबद्दल पुढे बोलायचंच आहे.

तर २०२४च्या पावसाळ्यात ताईचा फोन आला. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या भाच्याची आज्जी, रात्री माजघरात पडल्या. मनगट मोडलं. पाण्याचा तांब्या घ्यायला उठल्या आणि चटईत पाय अडकला. वय ऐंशीच्या पुढचं, हे कुठल्याही घरात होऊ शकतं. पण ताईच्या आवाजात रडण्यापेक्षा राग जास्त होता. नातू त्याच माजघरात, दहा फुटांवर, जागा होता. आज्जी हाका मारत होती आणि त्याला ऐकू आलं नाही. कानांवर हेडफोन, समोर गेम, आणि टेबलाखाली घरघरणारा संगणक. पंधरा-वीस मिनिटांनी तो पाणी प्यायला उठला तेव्हा आज्जी जमिनीवर दिसली.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी तो संगणक उचलून दुकानाच्या गोदामात, खताच्या पोत्यांमागे नेऊन ठेवला. आणि खरं सांगतो, फोनवर मीही त्यांचीच बाजू घेतली. आपल्या पिढीला गेम म्हटलं की पोरगं वाया गेलं एवढंच कळतं. गोव्यात एके काळी रात्र-रात्र नाटकाच्या तालमी करणाऱ्या पोरांबद्दलही घरचे हेच बोलत. त्या पोरांपैकी मी एक, आणि तरी मी हेच बोललो!

दिवाळीला तिकडे गेलो तेव्हा भाचा माझ्याशी दोन दिवस बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी गोदामात पोत्यावर बसून म्हणाला, "मामा, मला आज्जी ऐकू आली नाही, ते गेममुळं नाही. आवाजामुळं. हेडफोन मी हौसेनं घालत नव्हतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी संगणक चालू करून बघितला आणि पोरगं खरं बोलत होतं. २०२३च्या सुरुवातीला एका शहरातल्या दुकानातून जुळवून आणलेला तो डबा (शहराचं आणि दुकानाचं नाव घेत नाही, असली दुकानं सगळीकडे आहेत). गुडघ्याएवढा उंच, समोर अखंड काच, काचेमागे रंगीबेरंगी दिव्यांचे तीन पंखे, मागे एक, आणि आत आरएक्स ५८० जातीचं जुनं ग्राफिक्स कार्ड. ते बाजारात कुठून आलं तेही सांगण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर ते 'खणण्याचा' धंदा एका दिवसात बसला, आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबलेली कार्डं भंगाराच्या भावात बाजारात ओतली गेली. त्यांचे पंखे झिजलेले. आमच्या या कार्डाचा एक पंखा सुरू झाला की जुन्या पिठाच्या गिरणीची आठवण यायची.

त्यात समोरची काच. काचेतून हवा आत येत नाही, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. पंखे जीव तोडून फिरतात, हवा मात्र फटींतून चोरपावलांनी येते आणि येताना हमरस्त्याची धूळ घेऊन येते. मी झाकण काढलं तर उष्णता वाहून नेणाऱ्या पत्र्यांच्या मध्ये लाल धुळीचं नमदं बसलं होतं. धूळ बसली की गरमी वाढते, गरमी वाढली की पंखा जोरात फिरतो, जोरात फिरला की आणखी धूळ ओढतो. त्या आवाजात गेम ऐकू यावा म्हणून पोरगं हेडफोन घालतं. आणि मग आज्जीची हाक हरवते.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. हेडफोन हा गोंगाटावरचा उपाय नव्हे. हेडफोन घातल्याने घर शांत होत नाही, आपण घरापुरते बहिरे होतो एवढंच. आणि ज्या घरात म्हातारं माणूस आहे, तान्हं मूल आहे, दारात वासरू बांधलेलं आहे, तिथे असं बहिरं होण्याचा हक्क कुणालाच नाही, नातवालाही नाही आणि मामालाही नाही. पण म्हणून गेम बंद, हाही न्याय नव्हे. यंत्र शांत करा. ते करता येतं, घरच्या टेबलावर करता येतं, आणि त्याला फार मोठी अक्कल लागते असंही नाही.

आपण गोवेकर आवाजाबाबत तसे जागरूक आहोत. हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांचा दणदणाट उच्च न्यायालयापर्यंत गेला. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आपल्याला तोंडपाठ: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. पण हे सगळं शेजाऱ्याच्या आवाजाबद्दल. घरातलं आपलं स्वतःचं यंत्र रात्री किती ओरडतं, हे कोण बघतो?

असो. भावोजींशी मी सौदा केला. संगणक माजघरात परत येईल, पण एका परीक्षेत उतरला तरच. आज्जी आपल्या खाटेवरून, रात्री एक वाजता, नेहमीच्या हलक्या आवाजात हाक मारेल. गेम चालू असताना, हेडफोनशिवाय, पोराला ती ऐकू आली पाहिजे. नाही आली तर संगणक कायमचा गोदामात. भावोजी हसले, पण कबूल झाले. ते खत-बियाण्याचे व्यापारी, उगवण तपासून बी विकणारे. त्यांना परीक्षा हा शब्द पटतो.

मग आम्ही दोघं बसून पंख्यांचा हिशेब शिकलो. तो इतका साधा आहे की शाळेत का शिकवत नाहीत कळत नाही. एकाच घडणीचे दोन पंखे घ्या, एक ६० मिलिमीटरचा, दुसरा १२० चा. दोन्ही सारख्याच वेगाने फिरवले तर मोठा आठपट हवा फेकतो. आणि एकाच पंख्याचा वेग निम्म्यावर आणला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे पंधरा किती ते बघा. थोडक्यात, शांतता हवी तर पंखे पुष्कळ नकोत. मोठा हवा आणि आळशी हवा. आमच्या भाषेत सुशेगाद पंखा.

पण पंख्याने आळशी राहायचं तर मुळात उष्णताच कमी निर्माण व्हायला हवी, आणि इथे भाच्याचं-माझं भांडण झालं. जुना डबा खेळताना भिंतीतून तीनशेच्या आसपास वॅट ओढायचा. म्हणजे माजघरात तीनशे वॅटची शेगडी, मे महिन्यातसुद्धा. एकट्या कार्डाचाच वाटा १८५ वॅटपर्यंत. मी म्हटलं, वेगळं कार्ड नकोच. रायझन ५ ८६००जी हा प्रोसेसर २०२४च्या जानेवारीत आला होता, चित्र काढणारा भाग त्याच्या पोटातच, आणि सगळ्याचा मिळून टीडीपी ६५ वॅट. भाचा म्हणाला, "मामा, ते जुन्या कार्डापेक्षा कमी पळतं." बरोबर होतं त्याचं. कमीच पळतं. सात-आठ वर्षांपूर्वीच्या कार्डापेक्षा नवा प्रोसेसर चित्रात मागे पडतो, हे पोराच्या जिवाला लागलं होतं. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच यादी करून आला: तो जे गेम खरोखर खेळतो, व्हॅलोरंट, एक क्रिकेटचा आणि जुना जीटीए ५, ते तिन्ही या प्रोसेसरवर नीट चालतात. जे चालणार नाहीत ते त्याच्याकडे नव्हतेच. ते त्याला फक्त हवेसे वाटत होते. खोकं मात्र आम्ही असं निवडलं, की पुढेमागे कमावता झाल्यावर कार्ड बसवायचं म्हटलं तर जागा असेल. तेवढी आशा सतराव्या वर्षी राहू द्यावी.

कुणी म्हणेल, मग लॅपटॉपच का नाही घेतला? गेमचा लॅपटॉप लहान असतो हे खरं, पण त्यातले पंखे बशीएवढेही नसतात आणि जोर आला की किंचाळतात. शिवाय उघडून धूळ काढणं नाजूक काम. मन्नाएखेळ्ळीत धूळ काढता येत नाही अशी वस्तू म्हणजे फुकट गेलेले पैसे.

सिकंदराबादला पार्क लेनमध्ये चेनॉय ट्रेड सेंटर म्हणून इमारत आहे, सगळे 'सीटीसी' म्हणतात. मुंबईला जसा लॅमिंग्टन रोड तसं हे. मन्नाएखेळ्ळीहून दोन-अडीच तासांचा रस्ता. आम्ही सकाळच्या बसने गेलो आणि एका पिशवीत अख्खा संगणक घेऊन परत आलो. पूर्वी दुकानातून संगणक आणायला रिक्षा करावी लागे, ते आठवून मला हसू आलं. मिनी-आयटीएक्स नावाचा जो लहान मदरबोर्ड असतो तो १७० मिलिमीटर चौरस, वितीत मावतो. व्हिया कंपनीने २००१ साली हे माप काढलं. त्याआधी १९९५पासून चालत आलेला इंटेलचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४, आणि आजही बहुतेक दुकानं तेच मोठं माप गळ्यात मारतात, कारण खोकं मोठं दिसलं की गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

बाकी सामान: मेमरीच्या दोन पट्ट्या, एक नव्हे. ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात असली की तो मुख्य मेमरीच वापरतो, एकच पट्टी घातली तर पोट अर्धं उपाशी राहतं, हे दुकानदार सांगत नाहीत. फिरणारी हार्ड डिस्क नाहीच, म्हणजे तिची गुणगुणही नाही. वीजपुरवठ्याचा डबा एसएफएक्स मापाचा, आणि त्याचा पंखा भार कमी असताना फिरतच नाही असा. प्रोसेसरवर सत्तर मिलिमीटर उंचीचा थंडावक, त्यावर १२० चा एक पंखा. खोक्याच्या बाजूंना काच नाही, बारीक जाळी. सगळं मिळून पासष्ट-सदुसष्ट हजार झाले, जुन्या सामानाचे थोडे परत आले. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव असे भडकले की आमची दिवाळी नशिबाची म्हणायची.

जुळवायला एक संध्याकाळ पुरली. माजघरात सतरंजी घातली, आज्जी प्लॅस्टरातला हात मांडीवर घेऊन बघत बसली. लहान खोक्यात वायरी कोंबणं म्हणजे करंजीत सारण भरण्यासारखं, जास्त झालं की फुटणार. हे तिचं निरीक्षण. रबरी पाय कडक होते, टेबल थरथरायचं, तर भाच्याने जुनी स्लिपर कापून चार तुकडे खाली चिकटवले. हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण कंपन थांबलं आणि खालून हवा यायला बोटभर जागा झाली.

खरं काम त्यानंतरचं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. पहिली रात्र निराशेची गेली. पंखा सारखा चढायचा-उतरायचा, हूंऽऽ करून वर, परत खाली. सलग आवाज माणूस विसरतो, चढउतार विसरत नाही. मग बायोसमध्ये पंख्याला सांगितलं की गरमी क्षणभर वाढली म्हणून घाबरून पळायचं नाही, काही सेकंद थांबून बघायचं. प्रोसेसरला ४५ वॅटचा लगाम घातला. खेळताना फारसा फरक कळला नाही. आणि गेमला सांगितलं की सेकंदाला ६० चित्रं बस. पडदाच साठ दाखवतो, मग दीडशे काढून ती कुणाला दाखवायची? या एका गोष्टीने बोर्डावरच्या कॉइलची बारीक किरकिर, जी माझ्या कानाला ऐकू येत नव्हती पण पोराला येत होती, तीही गेली. भिंतीतून आता ऐंशी-नव्वद वॅट. घरचा जुना इन्व्हर्टर मात्र या वीजपुरवठ्याला मानवला नाही, वीज गेली की संगणक बंद पडायचा. त्याची लहर चौकोनी. शुद्ध साइन लहरीचा एक छोटा यूपीएस घ्यावा लागला, आणि भार इतका कमी की छोटाच पुरला.

परीक्षेच्या रात्री भावोजी स्वतः जागे राहिले. एक वाजता माजघरात दिवा बंद, पडद्याचा निळा उजेड, स्पीकरवर हळू आवाजात गेम. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बाहेर हैदराबादकडे जाणारे ट्रक. आज्जी खाटेवरून म्हणाली, "लेकरा, पाणी." जोरात नाही, तिच्या पद्धतीने, अर्धवट स्वतःशीच. पोरगं आधीच उठलेलं. मला शंका आली की त्याला वेळ माहीत होती म्हणून, तसं मी बोललोही. तेव्हा भावोजींनी पुढचे आठ दिवस वेळ न सांगता आईला हाक मारायला लावली. आठही दिवस पाणी मिळालं. एकदा तर तिने हाक मारलीच नव्हती, नुसती कूस बदलली होती.

त्यानंतर बिदरचा एक उन्हाळा त्या यंत्राने काढला. दुपारी खोलीतच ३८ अंश असताना कुठलाही पंखा आतलं काही ३८च्या खाली नेऊ शकत नाही, हे लक्षात ठेवावं. प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची. थंड देशात बावीस अंशांच्या खोलीत त्र्याहत्तर अंशांची मोकळीक मिळते, आपल्याला सत्तावन्नचीच. परदेशातल्या लोकांनी केलेल्या चाचण्या वाचून खरेदी करणाऱ्यांनी ही वजाबाकी स्वतः करावी. मेच्या दुपारी आमचा पंखा ऐकू येतो, नाही असं नाही. पण दुपारी आज्जी वसरीवर असते. दर पंधरा दिवसांनी जाळी काढून नळाखाली धुवायची, वाळवून बसवायची. पाणी लाल निघतं. आपल्याकडे पर्वरीला किंवा वास्कोला कुणी हे करणार असेल तर त्याची अडचण धुळीची नसेल, दमटपणाची आणि खाऱ्या हवेची असेल. त्याला एकच सांगणं, पावसाळ्यात यंत्र आठवडा-आठवडा बंद ठेवू नका. रोज तासभर चाललं की कोरडं राहतं.

गेल्या महिन्यात भावोजींचा फोन आला. म्हटलं आता काय? तर तक्रार अशी, की पूर्वी आवाजावरून कळायचं पोरगं रात्री किती वाजेपर्यंत जागं आहे. आता काहीच कळत नाही. मागून आज्जीचा आवाज आला, "मला कळतंय की. ते बटणं बडवत असतंय." भाच्याचा कीबोर्ड अजून जुनाच आहे, निळ्या स्विचचा, कटकट वाजणारा. पुढच्या खेपेला सीटीसीला गेलो की मऊ स्विचचा आणू असं मी म्हणालो. आज्जीने सांगून ठेवलंय, तेवढा राहू दे.